सरणावर टायर कशाला, आणि बाकीची पत्रं

गेल्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, पावसाळ्यातल्या मातीला (म्हणजे अंत्यविधीला) सरणावर टायर टाकायचं बंद करा म्हणून. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की ह्यावेळी गुडघेदुखी आणि कुंडीतल्या गुलाबाचे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्या मंडळींनी रागवू नये. नावं छापत नाही, घरातले विषय आहेत.

प्रश्न : तुमचं लिहिणं सोपं आहे हो. आमचं गाव जांबोटीच्या पलीकडं. जुलैत थोरल्या काकांची माती झाली तेव्हा तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, स्मशानात शेड आहे पण वरचे चार पत्रे उडालेले, लाकडं ओली, दोन कॅन डिझेल संपलं तरी सरण धरेना, शेवटी पोरांनी गॅरेजवरनं टायर आणले तेव्हा कुठं पेटलं. मग काय अर्धवट टाकून घरी यायचं होतं का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : नाही दादा, तुमच्यावर बोट नव्हतं. असल्या मातीला मी पण उभा राहिलोय. पावसात तो काळा धूर वर जातच नाही, खाली बसतो आणि छत्रीच्या आत येतो, शर्टाचा वास दोन धुण्यात जात नाही. पण मला खरा धक्का बसला तो रक्षाविसर्जनाच्या दिवशी. राख बाजूला करायला लागलो तर हाताला बारीक बारीक तारांचं जाळं लागलं, टायरच्या आतल्या स्टीलच्या तारा, आणि आईच्या अस्थी त्या जाळ्यातनं एकेक सोडवत बसलेला तो मुलगा अजून डोळ्यासमोर आहे. टायर म्हणजे रबर, गंधक, काजळी, तेल. जळताना त्यातनं गंधकाचा वायू आणि कॅन्सरला आमंत्रण देणारी घाण बाहेर पडते, आणि ती पहिली जाते जवळ उभ्या असलेल्या म्हाताऱ्या भावकीच्या छातीत.

पण मुळात सरण का धरत नाही ते बघा की. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, आणि ते वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड जळत नाही. म्हणजे तुमचं डिझेल पाणी उकळण्यातच गेलं. उपाय काय फार मोठा नाही, एप्रिल-मेमध्ये गावानं दोन मातींपुरतं वाळकं लाकूड रचून पत्र्याखाली ठेवायचं, जमिनीपासून वीतभर उंच, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. (हे शेवटचं सगळ्यात अवघड, पाहुण्यांच्या पाण्याच्या बंबाला तिथलंच लाकूड जातं, मला माहीत आहे.)

दुसरं म्हणजे लोखंडी बेड. जमिनीवर रचलेल्या सरणाला खालनं हवा मिळत नाही, बरीच उष्णता उघड्यावर जाते, म्हणून उघड्या सरणाला ४०० ते ५०० किलो लाकूड घालावं लागतं. दिल्लीची मोक्षदा नावाची संस्था १९९२ पासून ह्याच्यावर काम करत आलीय, त्यांच्या दहनाच्या रचनेत लाकडं उंच जाळीवर ठेवतात, खालनं हवा खेळते, वर धुरांडं, आणि काम १५० ते २०० किलोत होतं. मुखाग्नी, प्रदक्षिणा, मडकं, सगळं तसंच. धुरांड्यासकट ती सगळी रचना गावात जमेल असं नाही, पण जाळीचा बेड आणि बाजूला पत्र्याचे आडोसे गावचा वेल्डर पण करून देईल.

आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, आहेत की. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानात शेणीवर अंत्यसंस्कार होतात आणि होळीला लोक होळी लहान करून शेणी स्मशानाला दान करतात. आपल्याकडं पण म्हशी काय कमी आहेत? शेणीला धूर होतो, राख पण जास्त पडते हे खरं, पण झाड वाचतं. निपाणी-चिकोडीकडं भुईमुगाच्या फोलपटाच्या आणि भुश्श्याच्या दाबून केलेल्या कांड्या मिळतात, त्याला कारखानेवाले व्हाइट कोल म्हणतात, कोरड्या असल्या की मस्त धरतात. फक्त एकदा भिजल्या की त्यांचा परत भुसा होतो, तेव्हा शेडचे ते चार पत्रे आधी बसवून घ्या.

अजून एक. तिरडीवरची नायलॉनची शाल, प्लॅस्टिकचे हार, फोमची गादी, हे सगळं काढून मग अग्नी द्या. सुती पांढरं कापड आणि फुलं पुरे. काका आयुष्यभर घोंगड्यावर झोपले असतील, त्यांना फोमची गादी शेवटच्या दिवशीच कशाला?

प्रश्न : मग विद्युतदाहिनी किंवा गॅसचीच का नको? आणि आमच्या वडिलांच्या छातीत पेसमेकर आहे, त्याचं काय करायचं? (अनगोळ)

उत्तर : शहरात जिथं रोज चार-पाच माती येतात तिथं दाहिनी चांगली, कारण ती एकदा तापवली की तापलेलीच राहते. दोन दिवसांत एकदा पेटवायची असेल तर भट्टी गरम करण्यातच बरीच वीज जाते. आणि वीज कोळशाची असली तर धूर आपल्या गावात नाही एवढंच, औष्णिक केंद्राच्या गावात आहे. तरी झाड वाचतं, धुरावर कंट्रोल राहतो, आणि दीड-दोन तासात काम होतं. खेड्याला मात्र बेडच बरा.

पेसमेकर काढूनच अग्नी द्यायचा, सरण असो नाहीतर दाहिनी. त्यात लिथियमची बॅटरी असते, ती उष्णतेनं फुटते. डॉक्टर छोटा छेद देऊन काढून देतात, फक्त घरच्यांनी आठवणीनं सांगायला पाहिजे. आजच त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवा.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक आहे, शेती करतो. अमेरिकेत माणसाचं कंपोस्ट करतात असं वाचलं, आणि पाण्यात विरघळवायची पण एक पद्धत आहे म्हणे. मला मेल्यावर माझ्या उसाला खत व्हायचंय. बायको ऐकून घेईना. (निपाणी)

उत्तर : गुरुजी, वहिनींच्या जागी मी असतो तरी पहिल्यांदा ऐकून घेतलं नसतं. पण तुम्ही वाचलंय ते खरं आहे. वॉशिंग्टन राज्यानं २०१९ मध्ये तसा कायदा केला आणि सिएटलजवळच्या केंटमध्ये रिकंपोज नावाच्या संस्थेनं २०२० च्या शेवटी काम सुरू केलं. देह एका बंद पिंपात ठेवतात, खालीवर लाकडाच्या ढलप्या, पेंढा आणि लसूणघास, होय तीच, आपण म्हशीला घालतो ती. महिनाभर हवा खेळवत ठेवतात. तुम्ही कंपोस्टच्या खड्ड्यात हात घातला असेल तर माहीत असेल आत किती चटका बसतो, तीच जंतूंची उष्णता इथं काम करते, गांडूळबिंडूळ काही नसतं. हाडं शेवटी दळून परत मिसळतात आणि अजून काही आठवडे मुरवतात.

पाण्याची पद्धत वेगळी. ९५ टक्के पाणी आणि ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ते तापवून त्यात देह विरघळतो, हाडं तेवढी पांढरी भुकटी होऊन मागं राहतात, ती घरच्यांना देतात. साबण करायला जे अल्कली लागतं त्याच घराण्यातलं. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेसमंड टुटू २०२१ च्या डिसेंबरात गेले, त्यांच्यासाठी हीच पद्धत वापरली. अग्नीपेक्षा ऊर्जा बरीच कमी लागते. पण उरलेलं पाणी गटारीत जातं, आणि आपल्याकडच्या गटारी शेवटी कुठल्या नदीत जातात हे मी सांगायला नको.

ह्यातलं आपल्या भागात काही नाही, आणि त्या मशीनची वाट बघत बसायची गरज पण मला वाटत नाही. तुमची इच्छा शेतात जायची आहे ना? मग खालचं चिकोडीचं पत्र वाचा, रक्षा तर शेतात जाईलच. फक्त उसात नको.

प्रश्न : माझं वय ७१. मला देहदान करायचंय, लाकूड पण वाचेल आणि मुलांचा खर्च पण. दोघं मुलं नको म्हणायलेत, लोक काय म्हणतील, तुकडे करतील, आणि बारावा कशाचा करायचा? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : मावशी, तुमचं पत्र तीनदा वाचलं. आधी एक खरं सांगतो, लाकूड वाचावं म्हणून देहदान करू नका. देह टिकवायला फॉर्मलिन नावाचं रसायन वापरतात, शिकून झाल्यावर जे उरतं त्याचा अंत्यविधी कॉलेज नंतर करतंच. देहदान करायचं ते शिकणाऱ्या पोरांसाठी.

आणि त्या बाबतीत आपल्या जिल्ह्याइतकं उदाहरण दुसरीकडं मिळायचं नाही. बैलहोंगलचे डॉ. बसवण्णेप्पा रामण्णवर २००८ मध्ये गेले, त्यांनी देहदान केलेलं. त्यांचा मुलगा डॉ. महांतेश शरीररचना शिकवणारे. २०१० मध्ये बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेच्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी स्वतः, विद्यार्थ्यांच्या समोर, वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं, वडिलांची तशी इच्छाच होती. तुमच्या मुलांना हे वाचून दाखवा आणि मग गप्प बसा, लगेच उत्तर मागू नका.

आता व्यवहाराचं. बेळगावात बिम्स (सरकारी) आणि जेएनएमसी (केएलईचं) ह्या दोन्ही वैद्यकीय कॉलेजांत शरीररचना विभाग आहे, तिथं फॉर्म भरायचा, त्यावर जवळच्या नातेवाईकांच्या सह्या. पण फॉर्म म्हणजे शेवट नव्हे, ऐनवेळी घरचे नको म्हणाले तर कॉलेज जबरदस्ती करत नाही. म्हणून मुलांना राजी करणं हेच खरं काम आहे, फॉर्म सोपा आहे. गेल्यावर लगेच फोन करायचा, सहा-आठ तासांच्या आत देह पोचलेला बरा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. अपघात, पोस्टमॉर्टेम, संसर्गाचा आजार असेल तर देह घेत नाहीत, तेव्हा नाही घेतला तर काय, ते पण आधीच सांगून ठेवा. डोळे मात्र सहा तासांच्या आत आणि ते दिल्यावर देह पण देता येतो, एवढं तरी मुलं कबूल करतील असं वाटतंय. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची ती करायचीच, देह कॉलेजात गेला म्हणून ती आपोआप होत नाही, एका घरात ह्यामुळं पेन्शनचा घोळ वर्षभर चाललेला मी बघितलाय.

बाराव्याचं म्हणाल तर फोटो ठेवा, भजन ठेवा, पिंड ठेवा. कावळ्याला कुठं रक्षा दाखवावी लागते?

प्रश्न : आमच्यात अग्नी देतात. बायको लिंगायत, तिच्या माहेरी बसवून पुरतात. निसर्गाला धरून कुणाची पद्धत म्हणून आमच्यात रोज जेवताना वाद. (गोकाक)

उत्तर : वहिनी जिंकल्या. पेटी नाही, लाकूड नाही, डिझेल नाही, नुसतं कापड, विभूती, बेलाची पानं आणि माती. मुसलमान बांधवांच्यात पण कफनातच मातीला देतात. इंग्लंडात कार्लाईल शहरानं १९९३ मध्ये असंच साधं, झाडाखालचं दफन सुरू केलं आणि आता जगभर त्याला ग्रीन ब्युरिअल म्हणून मिरवतात, तुमच्या सासुरवाडीला हे ऐकून हसू येईल.

पण दोन अटी. खड्ड्यात पोतंभर मीठ ओतलं की मातीतले जंतू मंदावतात, वर सिमेंटचा चौथरा बांधला की एक माणूस तेवढी जागा कायमची धरून बसतो. आणि विहीर-बोअरपासनं लांब, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९८ च्या अहवालात पिण्याच्या पाण्यापासून २५० मीटर म्हटलंय. स्वतःच्या शेतात पुरायचं असेल तर आधी पंचायतीला विचारा, भाऊबंदकीत वाटणी होताना ती जागा कुणाच्या वाट्याला येते ह्याचा पण विचार करा.

प्रश्न : आईची रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा काढून टाकली आणि वर आंब्याचं रोप लावलं. दीड महिन्यात रोप जळालं. गावात लोक काय काय बोलायलेत. आमचं काय चुकलं? (चिकोडी तालुका)

उत्तर : ताई, आईचा राग-बिग काही नाही, राखेचा गुण आहे. रक्षा फार खारट आणि अल्कली असते. मुळाच्या खाली घमेलंभर एकाच जागी टाकली की रोपाला शोषवत नाही, ते करपतंच. त्यात तुमच्याकडं काळी जमीन, आधीच अल्कलीकडं झुकलेली, आणि नदीकाठच्या पट्ट्यात ऊस आणि पाण्यानं क्षारपड झालेली रानं तुम्हाला माहीतच आहेत. अशा जमिनीत रक्षा मोठ्या बांधावर पातळ पसरायची, मूठ मूठ, पाऊस पडून गेल्यावर. रोपाच्या खड्ड्यात फार तर दोन ओंजळी, त्या पण घमेली-घमेली माती आणि शेणखतात मिसळून, मुळापासनं हातभर लांब. खानापूरच्या तांबड्या मातीत उलटं, तिथं पावसानं जमीन आंबट झालेली असते, तिला थोडी राख मानवते, म्हणून तिकडच्या मंडळींचे फणस जगतात आणि तुमचा आंबा गेला. निपाणीच्या गुरुजींना उसात नको म्हणालो ते ह्यामुळंच.

जळालेलं रोप काढा, ती माती खड्ड्याबाहेर पसरून एक पावसाळा धुवून जाऊ दे. पुढच्या मिरगाला त्याच जागी चिंच नाहीतर कडुनिंब लावा, दोन्ही अल्कली जमीन सोसतात. आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी कोण घालणार ते भावाभावांत आत्ताच ठरवून घ्या.