कुत्रं मागे लागलं की पॅडल मारणं थांबवा

बाकी सगळं राहू द्या, आधी पोटरी बघा. तुम्ही लिहिलंय की रोज पहाटे एकाच वळणावर तीन-चार कुत्री मागे लागतात, तुम्ही जीव खाऊन पॅडल मारत सुटता, आणि परवा त्यातल्या एकाने पॅन्टचा पाय धरून फाडला. त्यानंतर लगेच स्प्रे घेऊ, आवाजाचं यंत्र घेऊ की काठी, हा प्रश्न. पण फाटलेल्या कापडाच्या आत काय झालं याबद्दल एक अक्षर नाही. चांगल्या उजेडात बघा. नुसता ओरखडा असला, रक्त आलेलं नसलं, तरी रेबीजची लस घ्यावी लागते. रक्त आलं असेल किंवा दात आत गेला असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात. दोन दिवस उलटले, आता काय उपयोग, असं म्हणून बसू नका. हा विषाणू मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, लक्षणं बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, आणि ती दिसायला लागल्यावर मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही. लसीला जे काम करायचं ते या मधल्या काळात. म्हणून उशीर झाला असला तरी आज जा.

पुढे कधी दात लागलाच तर दवाखान्यात पोचण्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. १५ मिनिटं, तीही घड्याळ लावून, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत उरकतो. वर कसलीही पूड किंवा लेप थापायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. टाके घालायचे का आणि केव्हा, ते डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं त्यांना आठवणीने विचारा. दंडात घ्यायची लस साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. कातडीत टोचायची असेल तर वेळापत्रक वेगळं. कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर १० दिवस नजर ठेवता येते, पण ते १० दिवस संपायची वाट बघत लस लांबवायची नसते.

आता मूळ प्रश्न. स्प्रे, यंत्र, काठी यांच्याकडे येतेच, पण माझं उत्तर त्या तिघांच्या आधीचं आहे. थांबा. पॅडल मारणं बंद करा, ब्रेक लावा आणि उतरा.

हे वाचून वाटेल की या बाईंच्या मागे कुत्रं कधी लागलंच नसावं. वीस वर्षं सायकल चालवतेय. असंख्य वेळा लागली आहेत, दोनदा चावलीही आहेत, आणि त्या दोन्ही वेळा मी पळत होते.

जरा गणित मांडू. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जाताना तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर कापता. मध्यम आकाराचं धडधाकट कुत्रं थोड्या अंतरापुरतं ताशी ३५ ने आरामात पळतं, म्हणजे सेकंदाला साडेनऊ मीटरच्या वर. ते २० मीटर मागे असेल तर पाचएक सेकंदांत तुमच्या टाचेशी. मग तुम्ही रोज सुटता कसे? माझ्या मते तुमच्या वेगामुळे नाहीच. कुत्र्याची हद्द संपते म्हणून सुटता. त्याला तुम्ही नको असता असं नाही, तुम्ही *तिथे* नको असता. हद्दीपाशी ते आपोआप थांबतं, आणि तुम्हाला वाटतं आपले पाय कामी आले.

कुत्र्याच्या बाजूने हाच प्रसंग बघा. भुंकत धावलो, तो पळाला. मोहीम फत्ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुमच्या वळणावरची कुत्री रोज जिंकतायत आणि रोज थोडी धीट होतायत. पॅन्ट फाटेपर्यंत गोष्ट गेली ती अशी. तुम्हीच त्यांना रोज पहाटे तालीम देताय, असं म्हटलं तर राग मानू नका. मीही दिली आहे.

पाठलाग हा शिकारीच्या साखळीतला एक तुकडा. दिसणं, रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, मग पकड. ही साखळी सुरू होते हालचालीने. त्यात पॅडलवर गोल गोल फिरणारा घोटा नेमका कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. गुरं-मेंढ्या हाकायला वाढवलेल्या जातींमध्ये तर माणसानेच पिढ्यानपिढ्या निवड करून पाठलागाची हौस जपली आहे, ती कुत्री सवयीने टाचेलाच तोंड घालतात. शिवाय हेल्मेट, गॉगल आणि वाकलेली पाठ घेऊन सपकन जाणारा प्राणी त्याला माणूस वाटत असेलच असं नाही. तुम्ही थांबलात, उतरलात, तोंडाने बोललात की चित्र पालटतं. समोर दोन पायांवर उभा असलेला, माणसाच्या आवाजात बोलणारा माणूस असतो. बहुतेक कुत्र्यांचा तिथेच विरस होतो. काहींच्या चेहऱ्यावर तर चक्क ओशाळलेपण दिसतं, हे माझं निरीक्षण. शास्त्र म्हणून घेऊ नका.

दुसरं कारण पडण्याचं. माझं सगळ्यात मोठं दुखणं दातांनी दिलेलं नाही. एक पिल्लूवजा कुत्रं, भुंकलंही नाही, खेळायला म्हणून तिरकं धावत आलं आणि पुढच्या चाकाखाली शिरलं. मी मागच्या मोठ्या कुत्र्याकडे बघत पॅडल हाणत होते. गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. कुत्र्याला खरचटलंही नाही. पुढचं चाक अडलं की काही करायला वेळ मिळत नाही, आणि वेग जितका जास्त तितकी आपटी जोरात. म्हणून मागच्या कुत्र्यापेक्षा पुढून तिरकं येणाऱ्याला मी जास्त घाबरते.

थांबायचं कसं, ते नीट सांगते, कारण धडपडत थांबण्यातही माणूस पडतो. कुत्रं दिसलं, कान टवकारले गेले, की तेव्हाच बोटं ब्रेकवर. बूट पॅडलमध्ये अडकवलेले असतील तर तेव्हाच एक सोडवा. रेष सोडू नका, कुत्र्याला चुकवायला रस्त्याच्या मध्ये जाऊ नका, मागून येणारं वाहन कुत्र्यापेक्षा वाईट. पॅडल थांबवून सायकल तशीच वाहू द्या आणि हळू ब्रेक लावा. उतरायचं ते कुत्र्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे सायकल आपोआप दोघांच्या मध्ये येते. अमेरिकेत टपाल वाटणारे पत्रांची पिशवी अशीच कुत्र्यासमोर धरतात. आपल्याकडे तर अख्खी सायकल आहे. मग खालच्या पट्टीत, ठसक्यात एकदाच: "हाड!" किंवा "जा घरी!" किंचाळू नका, चिरका आवाज त्याला आणखी चेव आणतो. डोळ्यांत रोखून बघू नका, पण पाठही फिरवू नका. सायकल मध्ये धरून चालायला लागा, जणू तुम्हाला इथे चालतच यायचं होतं.

आणि इथे लोक चुकतात. दहा पावलं चालून कुत्रं गप्प झालं की टांग मारतात, पाठलागाची साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू. मागचं भुंकणं पूर्ण बंद होईपर्यंत चाला, मग आणखी वीसेक पावलं चाला, मग बसा, आणि पहिली काही पॅडल अगदी सावकाश मारा.

कधी थांबू नये? उतार आहे, रस्ता मोकळा आहे आणि कुत्रं आधीच बरंच मागे पडलंय, तर जा. मागे वाहनांची रांग असेल तर कडेला येऊन मग थांबा. चढावर तर प्रश्नच नाही, तिथे पळण्याचा विचार करणंसुद्धा विनोद आहे.

"भुंकणारं कुत्रं चावत नाही" या म्हणीवर अर्धाच विश्वास ठेवा. लांबून भुंकणारं कुत्रं बहुधा तुम्हाला लांब जायला सांगत असतं. आवाज न करता, डोकं खाली घालून, सरळ रेषेत येणारं मला जास्त खटकतं. शेपूट हलतंय म्हणजे मैत्री, असंही नाही. ताठ आणि उंच शेपूट तुटक हलत असेल तर तो ताण आहे. पिल्लं असलेल्या कुत्रीपुढे उभं राहून काही सिद्ध करायला जाऊ नका. आल्या वाटेने तोंड तिच्याकडे ठेवून मागे सरा आणि काही आठवडे तो रस्ता सोडा. आणि झोकांड्या खाणारं, लाळ गाळणारं, वाटेत येईल त्याला तोंड घालणारं कुत्रं दिसलं तर वरचं सगळं विसरा. फाटक, भिंत, उभी गाडी, जे सापडेल ते मध्ये घाला आणि इतरांना सावध करा. खाली पाडलंच एखाद्याने, तर गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, दोन्ही मुठी मानेमागे, आणि लाथा न झाडता पडून राहा.

आता तुमची यादी. काठी नको. चालत्या सायकलवरून एका हाताने काठी फिरवली की ती आधी आपल्याच चाकाच्या तारांत जाते. लाथही नको, तो पाय आपण होऊन तोंडात देण्याचा प्रकार. आवाजाचं यंत्र माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत वाजतं. आपली मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास, कुत्र्याची साधारण ४५, म्हणजे त्याला ते नक्की ऐकू येतं. पण ऐकू येणं आणि ऐकणं यांत फरक आहे, हे घरात मुलं असलेल्यांना सांगायला नको. उभं राहून चौकशी करणाऱ्या कुत्र्यावर माझं यंत्र दोन-तीनदा चाललं, धावत सुटलेल्यावर एकदाही नाही. आता ते खणात पडून आहे.

मिरचीच्या अर्काचा स्प्रे खरोखर काम करतो. अमेरिकेतले ते टपालवाले १९६० च्या दशकापासून तो बाळगतात. पण ते पायी चालतात. सायकलवर तुम्ही स्वतःच वारा तयार करता, आणि पुढे मारलेला फवारा तुमच्याच डोळ्यांत येतो. घ्यायचाच तर तुमच्याकडे तो बाळगायला परवानगी आहे का ते बघा आणि उतरून, वाऱ्याची दिशा पाहून, अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरा. त्याआधी पाण्याची बाटली. तोंडावर बसलेली पिचकारी कुत्र्याला चकित करते, दुखवत नाही. दगड उचलायला वाकल्याचा आविर्भाव मोकाट कुत्र्यांना बरोबर कळतो, पण दगड मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं तुमच्यामागून येणाऱ्या सायकलवाल्यावर हिशेब चुकता करतं.

हा त्रास नवा नाही म्हणा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये खास सायकलस्वारांसाठी खिशात मावणारं पिस्तूल निघालं होतं, नावच 'वेलो-डॉग'. त्यात गोळीऐवजी मेणाची, बुचाची किंवा तिखटाची काडतुसंही मिळायची. हलत्या सायकलवरून पिस्तूल रोखणाऱ्या त्या गृहस्थांनी किती वेळा स्वतःचं चाक फोडलं असेल याची मला फार उत्सुकता आहे.

तुमच्या वळणासाठी असं करा. तीन-चार कुत्री असली तरी सुरुवात करणारं एकच असतं, बाकीची त्याच्या आवाजावर धावतात. ते कोणतं हे हेरा, लक्ष त्याच्यावर ठेवा. उद्यापासून ती उठायच्या आधीच, वळणाच्या ५० मीटर अलीकडे उतरा आणि बोलत बोलत चालत जा. रोज, त्याच वेळी, त्याच कपड्यांत जमलं तर उत्तम. माझ्या रस्त्यावरच्या टोळीला दहा-बारा दिवस लागले. मग नुसती मान वर करून पुन्हा झोपायला लागली. बिस्किटं टाकून दोस्ती करावी असं अनेकजण सांगतात. मला ते पटत नाही. तुमची बिस्किटं खाऊन ती प्रत्येक सायकलकडे आनंदाने झेपावतील, आणि समोरच्याला तो आनंद आहे हे कळणार कसं?

त्यांच्यातलं एखादं पट्टेवालं, पाळलेलं निघालं तर मालकाला गाठा, पण पॅन्ट फाटल्याच्या रागात पहाटे साडेपाचला नको. दिवसा, शांतपणे जा, फाटक या वेळात बंद ठेवाल का एवढंच विचारा. ऐकलं नाही तर तारीख-वेळ लिहून ठेवत जा, तक्रार करायची वेळ आली तर तीच वही उपयोगी पडते. आणि गटाने जात असाल तर लक्षात ठेवा, पहिल्याच्या आवाजाने कुत्रं जागं होतं आणि पाय शेवटच्याचा धरतं. नवख्याला शेवटी ठेवू नका.

पहिल्या दिवशी उतराल तेव्हा हात थरथरतील. हँडल धरून ठेवा आणि बोलत राहा, काय बोलता याला महत्त्व नाही. मला काही सुचायचं नाही म्हणून मी सतराचा पाढा म्हणायचे. त्या कुत्र्यांना तो माझ्याआधी पाठ झाला असणार.