मूळ प्रत म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न : दिग्दर्शकानेच आपला चित्रपट नंतर बदलला, तर सार्वजनिक संग्रहाने जुनी आवृत्ती कशाला सांभाळायची? चित्रपट त्याचाच ना?

चित्रपट त्याचा, पण तो थिएटरात पाहिला गेला हा इतिहास सगळ्यांचा. 'स्टार वॉर्स'चंच पाहा. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतल्या पहिल्या २५ चित्रपटांत त्याची निवड झाली, ती १९७७ मध्ये लोकांनी पाहिलेल्या चित्रपटाची. १९९७ मध्ये जॉर्ज ल्युकस यांनी त्यात संगणकावर तयार केलेली दृश्यं घातली आणि पुढे तीच आवृत्ती खरी मानावी असा आग्रह धरला. गंमत म्हणजे, जुन्या चित्रपटांत परस्पर फेरफार करण्याविरुद्ध १९८८ साली अमेरिकी संसदेसमोर साक्ष देणाऱ्यांत ल्युकसही होते!

बदल करण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. नव्या आवृत्तीने जुनीच्या शेजारी बसावं, तिला उठवून नव्हे, एवढंच माझं म्हणणं. मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली ती फिल्म जिच्यावरून थिएटरच्या प्रिंट काढतात, एकच असते. तिलाच कात्री लावली की जुना चित्रपट उरतो तो कुठल्यातरी प्रिंटमध्ये, आणि ती प्रिंट संग्रहात नसेल तर कुठेच नाही.

प्रश्न : पण 'मूळ' कशाला म्हणायचं? दिग्दर्शकाच्या मनात होतं त्याला, की प्रदर्शित झालं त्याला?

मी प्रदर्शित झालेल्यापासून सुरुवात करतो, कारण ते तपासता येतं. मनातलं कसं तपासणार?

फ्रिट्झ लांग यांचा मूकपट 'मेट्रोपोलिस' जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला दाखवला गेला आणि काही महिन्यांतच छाटला गेला. छाटलेला भाग गेलाच असं सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिमीची एक निगेटिव्ह सापडली. ओरखड्यांनी भरलेली, चौकटीच्या कडा कापलेली, पण तिच्यात सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग होता. तो कुठे जोडायचा, हे कळायला चित्रपटासोबत वाजवायच्या संगीताच्या स्वरलिपीतल्या दृश्यांच्या खुणा उपयोगी पडल्या. कागदपत्रंही रिळाइतकीच जपावीत, ती अशासाठी. जोडलेले तुकडे आजही पडद्यावर ओरखड्यांसकट वेगळे ओळखू येतात. ते लपवले नाहीत, हे मला फार आवडतं.

ऑर्सन वेल्स यांचा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' इतका नशीबवान नव्हता. १९४२ मध्ये स्टुडिओने तो कापून ८८ मिनिटांवर आणला आणि कापलेलं फुटेज नंतर नष्ट केलं. तिथे शोधायचं काय?

प्रश्न : उत्तम स्कॅन झाल्यावरही रिळं ठेवणं म्हणजे अडगळ नाही का?

नाही. स्कॅन त्या त्या वेळच्या यंत्राला दिसतं तेवढंच टिपतो, आणि फाइल दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावी लागते. थंड, कोरड्या खोलीतलं पॉलिएस्टरचं रीळ त्या मानाने गरीब गाय. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. प्रिंट काढण्याच्या लायकीची ती उरली नव्हती. तरी फेकली नाही. वीसेक वर्षांनी बोलोन्यातल्या तंत्रज्ञांनी तिचे वाचलेले भाग हाताने दुरुस्त करून स्कॅन केले, आणि २०१५ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आला.

प्रश्न : पुनर्संस्करणानंतर रंग पूर्वीसारखे वाटत नाहीत. चूक कोणाची?

कधी संग्रहाची, कधी आठवणीची. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रिंटांमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी दिसू लागतं. तुम्ही तशीच प्रिंट पाहिली असेल. कोणती प्रिंट प्रमाण मानली, हे संग्रहाने जाहीर करायला हवं. तसं केलं नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : माळ्यावर जुनं रीळ सापडलं. डबा उघडताच आंबट वास आला. काय करू?

प्रोजेक्टरवर चढवू नका. तो वास व्हिनेगरचा, म्हणजे ॲसिटेटची (एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) फिल्म कुजते आहे. ती वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते, म्हणून डबा वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. हवाबंद मात्र करू नका. फिल्म ३५ मिमीची, १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल आणि कडेला 'सेफ्टी' छापलेलं नसेल, तर ती नायट्रेट, म्हणजे सहज पेट घेणारी जुनी फिल्म, असू शकते. नायट्रेट पाण्याखालीही जळत राहतं. ती टपालाने पाठवू नका, आधी संग्रहाला फोन करा.

आणि डब्यावरची चिठ्ठी फाडू नका. तिच्यावर 'भाग ३, जुना शेवट' असं काही खरडलेलं असेल, तर संग्रहातली माणसं रिळाआधी तीच वाचायला घेतील.