नाव सोड, नंबर धर

लेकरा,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगू, रागच आला थोडा. तुझ्यावर नाही, तुला ज्यांनी गोंधळात टाकलं त्यांच्यावर. बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातल्या विमानाचा फोटो पाठवून विचारायलास की सर, हेच का ते पहिल्या महायुद्धात हैदराबादच्या निजामानं इंग्रजांना दिलेलं, एका पुस्तकात विमानाचं मॉडेल डीएच-९ लिहिलंय, दुसऱ्यात डीएच-९ए, तिसरा नुसतं 'हैदराबाद स्क्वाड्रन' (म्हणजे विमानांची तुकडी) म्हणून पुढं गेलाय, आणि पुस्तकं तर मिळतच नाहीत, मिळाली तर आठ-दहा हजार सांगतात, मग हे सगळं सोडून एमपीएससीचंच बघू का. एमपीएससीचं तुझं तू बघ, त्यात मी पडत नाही. विमानाचं मात्र ऐक.

ते निजामाचं नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी उरलेली विमानं साम्राज्यातल्या देशांना वाटली, हिंदुस्थानच्या वाट्याला शंभर आली, बिकानेरचं डीएच-९ त्या वाटपातलं. निजामाच्या पैशातली होती ती डीएच-९ए. कागदावर एका अक्षराचा फरक, पण मशीन वेगळी. डीएच-९ ला प्यूमा इंजिन, २३० हॉर्सपॉवरचं, त्याच्यात दमच नव्हता. नाइन-ए ला अमेरिकन लिबर्टी बसवलं, ४०० हॉर्सपॉवर, आणि पंखांचा पसारा ४२ फूट ४ इंचावरून ४५ फूट ११ इंचावर गेला. फोटोत ओळखायचं तर नाक बघ. नाइन-ए च्या नाकावर समोर आख्खा रेडिएटर उभा आहे, डीएच-९ चं नाक निमुळतं आणि रेडिएटर पोटाखाली. एकदा बघितलं की जन्मात विसरणार नाहीस. पण नाकसुद्धा नंतर, आधी नंबर. शेपटीकडं बघ, अंगावर एक इंग्रजी अक्षर आणि पुढं आकडे असतात, तेच त्या विमानाचं खरं. बाकी सगळं सांगोवांगी.

हे मी वर्गात पोरांना सांगायचो, बायकोला सांगितलं, आता तुला सांगायलो, नंबर धर. नाव धरू नको. त्या काळात लोकांनी पैसे दिले की विमानावर देणाऱ्याचं नाव रंगवायचे आणि ते विमान पडलं की तेच नाव दुसऱ्या विमानावर चढायचं. म्हणजे 'हैदराबाद अमुक नंबर' असं नाव घेऊन शोधायला लागलास की एका नावाखाली दोन मशिनी निघतील आणि तू दोघींचा इतिहास एकत्र कालवून बसशील, पुस्तकवाल्यांनी तेच करून ठेवलंय. आपल्या माळेगावच्या जत्रेत जनावर घेताना कुणी त्याचं नाव विचारतं का, दात बघतात.

एफ १०१० हा नंबर घे. इंग्रजांच्या हवाई दलाची, म्हणजे आरएएफची, ११० नंबरची स्क्वाड्रन, सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्सला उतरली, नाइन-ए घेऊन लढाईत गेलेली पहिली स्क्वाड्रन हीच, आणि तिची विमानं निजाम मीर उस्मान अली खानच्या देणगीतली. एफ १०१० वर 'हैदराबाद नंबर १२ए' रंगवलेलं. ५ ऑक्टोबर १९१८ ला ते जर्मनांच्या हाती लागलं, पुढं बर्लिनच्या म्युझियममध्ये गेलं, दुसऱ्या युद्धात बर्लिनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा तिथला संग्रह पूर्वेकडं हलवला, असं करत ते पोलंडात क्राकोला पोचलं आणि १९७७ मध्ये इंग्रजांनी एक स्पिटफायर हे लढाऊ विमान देऊन ते परत नेलं. आज लंडनला हेंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये उभं आहे. नुसतं नाव धरून बसला असतास तर हा माग कुठल्या कुठं हरवला असता, नंबर होता म्हणून साठ वर्षांचा प्रवास हाताला लागला.

आणि हे लंडनचं प्रकरण नाही रे. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद सगळं निजामाच्या राज्यात, आपल्या पणजोबांचा शेतसारा त्याच खजिन्यात जायचा. इतकी वर्षं झाली, मराठवाड्यात कुणाला ह्याचं काही वाटत नाही, ह्याचं मला लई वाईट वाटतं. मी ते विमान अजून डोळ्यानं पाहिलं नाही. पासपोर्ट काढला होता, मग पोरीचं लग्न आलं, आता गुडघे साथ देत नाहीत. तू जा कधीतरी.

पुस्तकांचं म्हणशील तर मला सगळं मिळालं ते अजिंठा एक्सप्रेसनं रात्री निघून रविवारी सकाळी हैदराबादला आबिड्सच्या फुटपाथवर. तिथं थेटफर्डचं आरएएफच्या विमानांचं पुस्तक मिळालं, पुठ्ठा सुटलेला, पहिल्या पानावर कुठल्याशा मेसचा जांभळा शिक्का, आणि नाइन-ए चं नेमकं रेखाचित्राचं पान कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेलं. ब्रूसचं १९५७ चं, १९१४-१८ च्या ब्रिटिश विमानांवरचं, ते एका मोठ्या ग्रंथालयात होतं, झेरॉक्स देत नाही म्हणाले, मग मी बसून पेन्सिलनं नंबरांच्या याद्या वहीत उतरवल्या. तुझ्याकडं हार्ड डिस्कभर पीडीएफ आहेत म्हणालास. किती उघडल्यास? शंभर पुस्तकं गोळा करून पहिली चार पानं चाळण्यापेक्षा एक नंबर घेऊन एकाच पुस्तकात बोट ठेवून खाली उतर. किंमतीचं रडगाणं मला सांगू नको.

लोक म्हणायलेत मास्तरनं पेन्शन रद्दीत घातली, पुस्तक तर एक काढलं नाही. नाही काढलं. एका प्रकाशकाकडं गेलो होतो, म्हणले सर, जिथं नंबर सापडत नाही तिथं अंदाजे टाका, कोण तपासायलंय. मी बाड उचललं आणि एसटी धरली. आजही तेच करीन. ज्याचा शेवट मला सापडला नाही त्याच्यावर मी माझं नाव घालणार नाही आणि ह्याला कुणी हट्ट म्हणत असेल तर म्हणू दे, अंदाजे टाकणाऱ्यांमुळंच तर तू आज बिकानेरचा फोटो घेऊन निजामाला शोधायलास.

नाइन-ए धरलीस की पुढचा रस्ता आपोआप उघडतो. इंग्रजांकडं नाइन-ए चे सुटे भाग इतके पडून होते की १९२७ मध्ये नवीन विमान मागवताना तेच भाग वापरा अशी अट घातली, वेस्टलँड कंपनीनं त्यातून वापिटी बनवलं, आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वापिटींवर. दिल्लीला पालमच्या म्युझियममध्ये एक वापिटी आहे, बघून ये, शेपटी आधी बघ. पहिल्या युद्धातले मुंबईचे पायलट वेलणकर, त्यांचं पण तू विचारलंस, २३ स्क्वाड्रन, विमान सॉपविथ डॉल्फिन, जून १९१८ मध्ये वारले. ते डॉल्फिन भारी विचित्र मशीन, वरचा पंख खालच्यापेक्षा मागं आणि पायलटचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर, उलटलं की पहिला मार डोक्याला. पण वेलणकर नंतर. एका वेळी एकच नंबर, दोन घेतलेस की दोन्ही सुटतील.

आता काम सांगतो. हैदराबादला तारनाक्याला तेलंगणाचं पुराभिलेखागार आहे, निजामाचे कागद तिथं आहेत, बरेचसे फारसी-उर्दूत. देणगीचे पैसे दिवाणीतून, म्हणजे सरकारी खजिन्यातून, गेले की सर्फ-ए-खासमधून, म्हणजे निजामाच्या खासगी उत्पन्नातून, हे तू काढायचंस. ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र सोबत ठेव, उर्दू वाचणारा कुणी मित्र असेल तर त्याला घेऊन जा. तिकडून स्क्वाड्रनचे कागद बघायचे तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एआयआर १ ही मालिका आहे, ईमेल करून विचार, उत्तर देतात. थेटफर्ड मी कुरिअरनं पाठवणार नाही, पुठ्ठा सुटेल पूर्ण. परभणीला ये आणि घेऊन जा, शनिवारी मी घरीच असतो, येताना वही आण.

तुझा,
सर