वाचकांचे प्रश्न : डेरिकचे सांधे, गसेट आणि नट-बोल्ट

मागच्या अंकात तेलविहिरींवरचा लेख आला त्यानंतर डेरिकबद्दल, म्हणजे विहिरीवर उभा असतो त्या लोखंडी मनोऱ्याबद्दल, बरीच पत्रं आली. त्यातली चार पत्रं सांध्यांबद्दलची आहेत, ती एकत्रच घेतोय. गसेट म्हणजे सांध्यावर बसणारी जोडप्लेट आणि स्प्लाइस म्हणजे पायाचे दोन तुकडे एकापुढे एक जोडणारा सांधा, एवढं लक्षात ठेवा. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण विषयच तसा आहे.

प्रश्न : नमस्कार सर, माझं भोसरीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ट्रान्समिशन टॉवरचे अँगल, क्लीट, गसेट बरीच वर्षं करतोय. आता एका पार्टीने ड्रिलिंग रिगच्या डेरिकसाठी गसेट आणि पायांचे स्प्लाइस बनवाल का म्हणून विचारलंय. ड्रॉइंग अर्धवट आहे, डिटेलिंग तुम्हीच करा म्हणतात. दिसायला तर टॉवरसारखंच आहे, मग त्याच पद्धतीने केलं तर चालेल का?

नमस्कार. अँगल कापणं, भोकं पाडणं, गॅल्व्हनाइझ करणं हे तुमचं कसब इथेही कामाला येईल, पण लोड वेगळा आहे आणि सांध्याला हात लावायच्या आधी तो समजून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. टॉवरला मुख्य त्रास वाऱ्याचा आणि तारांच्या ओढीचा. डेरिकला वारा तर आहेच, शिवाय माथ्यावर शेकडो टन टांगलेले असतात, ते दिवसरात्र वरखाली होतात, आणि खाली पाइप अडकला की तो सोडवायला झटके देऊन ओढतात, तो प्रत्येक झटका क्राउन ब्लॉकमधून, म्हणजे माथ्यावरच्या पुल्यांच्या संचातून, पायांत आणि पायांतून प्रत्येक स्प्लाइसमध्ये उतरतो.

आता एक हिशोब बघा, हा बरेच जण विसरतात. समजा हुकवर २०० टन आहेत आणि ट्रॅव्हलिंग ब्लॉकला, म्हणजे हुक धरून वरखाली होणाऱ्या पुल्यांच्या संचाला, ८ लाइन (तारदोराचे ८ पदर) आहेत. घर्षण सोडून दिलं तर प्रत्येक लाइनमध्ये २५ टन. पण क्राउनवरून आणखी दोन लाइन खाली येतात, एक ड्रॉवर्क्सकडे, म्हणजे तारदोर गुंडाळणाऱ्या विंचकडे, जाणारी फास्टलाइन आणि दुसरी खाली बांधलेली डेडलाइन, त्यामुळे डेरिकवर २०० नाही तर २५० टन येतात. आणि तेही चार पायांत सारखे वाटले जात नाहीत. डेडलाइन ज्या पायाजवळ बांधलीये त्याच्यावर ५० अधिक २५ म्हणजे ७५ टन, ड्रॉवर्क्सच्या बाजूच्या दोन पायांवर साडेबासष्ट साडेबासष्ट, आणि उरलेल्या पायावर फक्त ५०. तुम्ही २०० भागिले ४ करून स्प्लाइस डिझाइन केला तर एका पायाचा सांधा दीडपट लोड खाणार, आणि बाहेरून बघणाऱ्याला चारही पाय सारखेच दिसणार. चारही पायांचे स्प्लाइस सर्वात वाईट पायाच्या हिशोबाने सारखेच करा, कारण साइटवर कुठला तुकडा कुठल्या कोपऱ्यात जाईल याची खात्री नसते.

म्हणून पहिली गोष्ट, अर्धवट ड्रॉइंगवर काम घेऊ नका. प्रत्येक सांध्याला किती ओढ, किती दाब, आणि वारा उलटला की किती, हे आकडे डिझायनरकडून लेखी मागा. या कामाचं स्पेसिफिकेशन एपीआय ४एफ (एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) आहे, त्यात डिझाइन लोड, वाऱ्याचे नियम, मटेरियलची कागदपत्रं सगळं सांगितलंय, आणि पार्टीला ४एफचा डेरिक हवा असेल तर मिल टेस्ट सर्टिफिकेटपासून तयार पीसपर्यंत माग लागला पाहिजे. स्क्रॅपमधली चांगली दिसणारी प्लेट इथे चालत नाही.

आता गसेटकडे येऊ. तिरके ब्रेस, आडवे गर्ट आणि पाय जिथे भेटतात तिथे सगळ्यांच्या मध्यरेषा एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. जागा पुरत नाही म्हणून ब्रेस थोडा सरकवला जातो, प्लेट लहान ठेवून पैसे वाचवले जातात, आणि त्यातून सांध्यात पीळ येतो. १० टनांचा ब्रेस २० मिलिमीटर सरकला की २०० किलोग्रॅम-मीटरचा मोमेंट, म्हणजे सांध्याला वाकवणारा जोर, फुकट तयार होतो, आणि वारा फिरेल तसा तो उलटसुलट होत राहतो, म्हणजे थकव्याने तडा जायची सोय तुम्ही स्वतःच केली. प्लेट मोठी झाली तर होऊ द्या. अँगल एकाच पाकळीने जोडलेला असेल तर त्याची पूर्ण ताकद मिळत नाही हे तुम्हाला टॉवरमुळे माहीतच आहे, पायांना मात्र दोन्ही पाकळ्यांना आतून बाहेरून स्प्लाइस प्लेट द्या म्हणजे फोर्स मधोमध जातो.

भोकांचं सांगतो. आपल्या आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या कोडप्रमाणे एम १६ ते एम २४ (१६ ते २४ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टला भोक २ मिलिमीटर मोठं, आणि कडेपासूनचं अंतर मशीनने कापलेल्या कडेला भोकाच्या व्यासाच्या दीडपट, हाताने गॅसने कापलं असेल तर १.७ पट. जाड प्लेटला पंच करू नका, ड्रिल करा, पंचने भोकाची कड कडक होते आणि तिथे बारीक चिरा राहतात, स्थिर लोडला त्या कदाचित खपतील पण झटके खाणाऱ्या सांध्यात तडा तिथूनच निघतो. आणि ही २ मिलिमीटरची मोकळीक छोटी वाटते ना? स्प्लाइसच्या दोन्ही बाजू मिळून बोल्ट भोकात बसेपर्यंत पाय जास्तीत जास्त ४ मिलिमीटर सरकू शकतो, आणि एका पायात असे बरेच स्प्लाइस असतात. तळाला ३० फूट रुंद आणि दीडशे फुटांच्या आसपास उंच अशा डेरिकच्या एका बाजूचे पाय तळाशी २० मिलिमीटर खाली बसले तर माथा १०० मिलिमीटर कलतो. क्राउन विहिरीच्या बरोबर ओळंब्यात नसेल तर पाइप बाजूला घासत राहतो. म्हणून महत्त्वाचे सांधे घर्षणावर धरणारे करतात, बोल्ट इतका ताणायचा की प्लेटा एकमेकींवर दाबून बसतात आणि सरकतच नाहीत.

आणि इथेच टॉवरवाल्यांची सवय आड येते, कारण टॉवरमध्ये सगळंच गॅल्व्हनाइझ करायची पद्धत. आयएस ८०० च्या तक्त्यात नुसत्या ग्रिट ब्लास्ट केलेल्या पृष्ठभागाचा स्लिप फॅक्टर, म्हणजे घर्षणाचा आकडा, ०.५० आहे आणि ब्लास्ट करून वर हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलं की ०.१०, म्हणजे तेवढंच घर्षण मिळवायला पाचपट बोल्ट. तेव्हा डिझायनरने कुठला पृष्ठभाग धरलाय ते आधी विचारा, नंतर झिंकच्या बाथमध्ये टाका. बोल्टचंही तसंच, ८.८ ग्रेडच्या बोल्टला गॅल्व्हनाइझ चालतं, पण १०.९ ग्रेडसारख्या जास्त ताकदीच्या कडक बोल्टला ती प्रक्रिया धोक्याची, हायड्रोजन आत शिरून बोल्ट ठिसूळ होतो आणि ताण दिल्यावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी, कुणी हात लावलेला नसताना तुटतो.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो कुठल्या कोडमध्ये नीट सापडत नाही. हा सांधा जमिनीवर टेबलाशी नाही, शंभर फुटांवर वाऱ्यात हार्नेसला लटकलेला फिटर जोडणार आहे. त्याचा पाना फिरायला जागा आहे का? बोल्ट आतून घालता येतो का, की ब्रेस आडवा येतोय? डाव्या आणि उजव्या बाजूच्या गसेट दिसायला सारख्या असतील तर त्या अदलाबदल होणारच, म्हणून एक भोक मुद्दाम वेगळ्या जागी घ्या म्हणजे चुकीची प्लेट बसणारच नाही. एका डेरिकमध्ये एम २२ आणि एम २४ एकत्र ठेवू नका, एम २० आणि एम २४ ठेवा, हातात घेताच फरक कळतो. एकाच मापात ८.८ आणि १०.९ तर अजिबात नको. पीस नंबर नुसत्या रंगाने लिहू नका, झिंक चढल्यावरही वाचता येईल इतका खोल पंच करा. आणि माल पाठवायच्या आधी निदान एक पूर्ण टप्पा आडवा टाकून वर्कशॉपमध्येच जोडून बघा. भोक जुळलं नाही तर तिथे रीमर फिरवता येतो, नाहीतर प्लेट नवीन करता येते. साइटवर गॅस कटरने भोक मोठं करतात, आणि त्या क्षणी तुमची सगळी मेहनत वाया गेली.

प्रश्न : सर, मी नागपूरला मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. डेरिक पूर्ण वेल्ड का नाही करत, नट-बोल्टची कटकट कशाला? आणि पूर्वी पाइपचे डेरिक असायचे असं वाचलं, पाइपला पाइप आडवा कसा जोडायचे?

छान प्रश्न आहे. पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला १८५९ साली ड्रेकची विहीर लागली तेव्हा डेरिक लाकडाचा होता, १९०१ ला टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपचं तेल उसळलं तेव्हाही लाकडाचाच. फळ्या आणि खिळे. खिळ्याचा सांधा एकदा ठोकला की तो धड सोडवता येत नाही, लाकूड कुजतं, आणि तेलाच्या गावात आग तर पाचवीला पुजलेली. मग स्टील आलं, पण तेलक्षेत्रात स्वस्तात आणि ढिगाने मिळणारं स्टील म्हणजे पाइप, आणि पाइप गोल, त्याला सपाट बाजूच नाही, भोक पाडलं तर भिंत कमकुवत होते. यावर अमेरिकेतल्या ली सी. मूर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोडगा काढला तो क्लॅम्पचा. पाइपला न छेदता बाहेरून पकडायचं, आणि आडवे-तिरके भाग त्या क्लॅम्पला बोल्टने जोडायचे. विहीर संपली की बोल्ट सोडा, पाइप गाडीवर टाका, पुढच्या विहिरीवर तोच डेरिक उभा करा. मला ही फार मोठी कल्पना वाटते, कारण त्यात मनोऱ्याचा विचार सांध्यापासून सुरू झालाय.

तुझ्या वेल्डिंगच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. पूर्ण वेल्ड केलेला दीडशे फुटी डेरिक ट्रकवर जात नाही, आणि साइटवर उंचीवर वाऱ्यात केलेला वेल्ड वर्कशॉपसारखा होत नाही, तो तपासायलाही अवघड. म्हणून जमिनीवरच्या रिगला, ज्यांना सारखं गाव बदलावं लागतं, आता बहुतेक मास्ट असतो. त्याचे मोठे टप्पे वर्कशॉपमध्ये वेल्ड करतात, साइटवर आडवे ठेवून जाड पिनने जोडतात आणि अख्खा मास्ट एकदम उभा करतात. एकेक पीस वर चढवत बोल्टने बांधलेला डेरिक मुख्यतः समुद्रात दिसतो, कारण तिथे रिग हलते, डेरिक तिच्यावर तसाच राहतो.

प्रश्न : माझा मुलगा मुंबई हायला रिगवर आहे, आम्ही उरणला राहतो. तो म्हणतो रिग एका जागेवरून दुसरीकडे नेली की डेरिकचे बोल्ट सगळे परत तपासतात. एकदा घट्ट केलेला बोल्ट सैल कसा होतो? आणि त्यात धोका काय?

ताई, तुमचा मुलगा बरोबर सांगतोय, आणि ते तपासतायत हे चांगलंच आहे. मुंबई हायचं तेल सापडलं १९७४ मध्ये, सागर सम्राट या जॅक-अप रिगने, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर. जॅक-अप म्हणजे पाय समुद्रतळावर टेकवून उभी राहणारी रिग, पण जागा बदलताना ती पाय वर घेऊन तरंगत ओढून नेतात, तेव्हा लाटांनी डुलते आणि डेरिकचा माथा सगळ्यात जास्त हलतो. एरवी ज्या ब्रेसला थोडीशीच ओढ असते त्याला त्या प्रवासात कधी ओढ कधी दाब असं हजारो वेळा होतं. बोल्टवर प्लेटा दाबून ठेवणारा ताण थोडा कमी झाला की प्लेटा केसभर सरकायला लागतात, आणि एकदा सरकायला लागल्या की नट उलटा फिरायला वेळ लागत नाही. त्यात खारी हवा. दोन प्लेटांच्या फटीत गंज धरला की तो फुगतो आणि प्लेटांना आतून ढकलतो, वरून रंग ताजा असला तरी.

धोका दोन प्रकारचा. सांधा सैल झाल्यावर त्याचा लोड शेजारच्या सांध्यांवर जातो, हा हळूहळू वाढणारा. दुसरा ताबडतोबीचा, म्हणजे सुटलेला नट किंवा बोल्ट खाली पडणं. ४५ मीटरवरून सुटलेली वस्तू खाली येईपर्यंत ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग घेते आणि खाली ड्रिल फ्लोअरवर माणसं काम करत असतात, हेल्मेट अर्ध्या किलोच्या बोल्टला त्या वेगात पुरत नाही. म्हणून नटला लॉकिंग हवं, वर टांगलेल्या दिव्याला-कॅमेऱ्याला दुसरी साखळी हवी, आणि वर चढणाऱ्याचा प्रत्येक पाना दोरीने बांधलेला हवा. एपीआयच्या आरपी ४जी मध्ये तपासणीच्या चार पायऱ्या आहेत, पहिली रोजच्या नजरेची, शेवटची इतकी कसून की भाग सुटे करून तडे शोधतात. मुलाला विचारा, तो सांगेल तुम्हाला, त्यालाही बरं वाटेल.

प्रश्न : जुना डेरिक सोडवून नव्या जागी उभा करतोय. काढलेले बोल्ट परत वापरले तर चालतील का, दिसायला नवेच आहेत.

पूर्ण ताण देऊन बसवलेले १०.९ चे बोल्ट परत वापरायचे नाहीत, गॅल्व्हनाइझ केलेलेही नाहीत, कारण ताणताना आटे थोडे लांबलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. साध्या काळ्या ८.८ च्या बाबतीत डिझायनरने लेखी परवानगी दिली तरच, आणि तेव्हाही नट सगळ्या आट्यांवरून नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे, मध्येच अडला की तो बोल्ट बाद. मास्टच्या पिनचं म्हणाल तर व्यास मोजा, मधे खाच पडली असेल किंवा ज्या भोकात बसते ते लांबट झालं असेल तर दोन्हींचा निर्णय डिझायनरचा, तिथे वेल्ड भरून घासून चालवू नका. आणि बाद केलेले बोल्ट भंगारच्या ड्रममध्ये अख्खे टाकू नका, कापून टाका, नाहीतर कुणीतरी गरजेच्या वेळी तिथूनच उचलतो आणि वायसर बदलून परत वर चढवतो.