बोटीचा दरवाजा पडायच्या आधी

वाचकांचे प्रश्न : यावेळी युद्धपट

प्रश्न : आम्ही कॉलेजचे सहा जण मिळून कारगिलवर 12 मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. सुरुवातीला नकाशा, त्यावर व्हॉइसओव्हर, मग धडाधड स्फोट आणि मागे जोरात ढोल असं ठेवलंय. वर्गात दाखवलं तर पहिल्या मिनिटातच तिघांनी मोबाईल काढले. त्याच आठवड्यात घरी 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' बघितला. त्यात तर सुरुवातीला धड गोष्ट पण सांगत नाहीत, कोण कुठला काही कळत नाही, तरी मी वीस-पंचवीस मिनिटं जागची हलले नाही. असं कशामुळे होतं? (इंजिनियरिंगची विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : अगं, मला वाटतं तुला कळत नव्हतं म्हणूनच तू हलली नाहीस. तुमच्या नकाशाने प्रेक्षकाला सगळं आधीच सांगून टाकलं, शत्रू इथे, आपण इथे, आता लढाई होणार, मग त्याने बघत बसायचं तरी कशासाठी?

त्या सिनेमात काय केलंय ते परत एकदा सावकाश बघ. आधी एक म्हातारा माणूस सैनिकांच्या कबरस्तानात येतो, मागे घरची माणसं, तो एका क्रॉसपाशी गुडघ्यावर बसतो आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांपाशी जातो. तिथून कट, समुद्र, 6 जून 1944, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ओमाहा किनारा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक बोटींतून जिथे उतरले तो. आणि त्या बोटीत माणसं दाखवताना पहिल्यांदा काय दाखवलंय माहितीये, एक हात. पाण्याची बाटली धरलेला आणि थरथरणारा. कोणाचा हात ते नंतर कळतं, कॅमेरा वर चेहऱ्याकडे जातो तेव्हा, तो कॅप्टन असतो, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीचे बसलेत त्याचाच हात हलतोय. शेजारी कोणी ओकतंय, कोणी गळ्यातल्या क्रॉसची पापी घेतंय. देशासाठी वगैरे भाषण नाही. कॅप्टन काय सांगतो तर बंदुकीत वाळू जाऊ देऊ नका. मग 30 सेकंद राहिली म्हणून ओरडा होतो, बोटीचा पुढचा दरवाजा खाली पडतो आणि पुढे उभे असलेले, पाय जमिनीला लागायच्या आत, तिथल्या तिथे मरतात.

आता त्या बोटीत कॅमेरा कुठे आहे बघ. सकाळी ठाण्याला फास्ट लोकलमध्ये घुसलेल्या माणसाला काय दिसतं, समोरच्याची मान, त्याची बॅग, आणि एखादा हात. तेवढंच. कॅमेरा त्या उंचीवर आहे, खांद्याला खांदा लावून, किनारा किती लांब, गोळ्या कुठून येणार हे कॅप्टनला दिसत नाही म्हणून आपल्याला पण दिसत नाही. मधेच कधीतरी कॅमेरा वर जर्मन मशीनगनच्या मागे जातो, पण तिथेही त्यांचे चेहरे नाहीत, पाठमोऱ्या आकृत्या आणि खाली किड्यामुंगीसारखी माणसं. मला तो शॉट सगळ्यात भयंकर वाटतो, कारण एका क्षणात कळतं की वरून बघणाऱ्याला हे किती सोपं आहे.

आणि आवाज. याच्यावर मी जरा जास्तच बोलणारे कारण मला यातलं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. आम्ही काही जण नौपाड्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा बघतो. एकदा हीच सुरुवात आम्ही दोनदा लावली, आधी आवाज बंद करून, मग दिवे घालवून फक्त आवाज, स्क्रीनवर चादर टाकली. मुक्या चित्राच्या वेळी पाचव्या मिनिटाला लोक हळूहळू बोलायला लागले, हे कसं शूट केलं असेल, रक्त खरं वाटतंय वगैरे. चादर टाकल्यावर कोणी बोललं नाही. माझ्या शेजारच्या काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, ते मला नंतर त्यांनी हात सोडला तेव्हा कळलं.

तो आवाज गॅरी रायडस्ट्रॉम या साउंड डिझायनरने बांधलाय. सैनिक पाण्यात पडतो की गोळ्यांचा कडकडाट एकदम दबतो, पाण्यातून बुळूक बुळूक येतं, डोकं वर आलं की सगळं परत कानावर कोसळतं, परत पाण्यात, परत वर. नंतर कॅप्टनच्या जवळ गोळा फुटतो आणि त्याचे कान बंद होतात. त्याच्याबरोबर आपले पण. एक जण स्वतःचाच तुटलेला हात उचलून चाललाय आणि आवाज काय, तर शंख कानाला लावल्यासारखी एक घरघर. समोर एक शिपाई काहीतरी विचारतोय, ओठ हलताहेत, ऐकू काही येत नाही, मग एक बारीक शिट्टी चढत जाते आणि सगळं जग धाडकन परत येतं. आणि बघ, लढाई चालू आहे तोपर्यंत संगीत नाही, एक सूर नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना त्याला थांबायला सांगितलं. म्युझिक आलं असतं तर घाबरायचं की छाती फुगवायची हे त्याने ठरवलं असतं, इथे ते तुझं तुलाच सोसावं लागतं. तुमचे ढोल मी पहिल्यांदा काढीन.

चित्र असं झटके दिल्यासारखं का दिसतं हेही तुझ्या कामाचं आहे. शटर म्हणजे फिल्मपुढे फिरणारी चकती, तिचा किती भाग उघडा ते अंशात मोजतात. साधारण सिनेमा 180 अंशाच्या शटरने घेतात, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम असतील तर एकेक फ्रेम एका सेकंदाच्या 48व्या भागाएवढी उघडी राहते आणि हललेली वस्तू किंचित फिसकटते. डोळ्याला ते मऊ वाटतं. कॅमेरामन यानुश कामिन्स्कीने बरेच शॉट 45 आणि 90 अंशाला घेतले, 45 ला फ्रेम फक्त 192व्या भागाएवढी उघडी, त्यामुळे उडालेल्या वाळूचा कण न् कण सुटा दिसतो आणि माणसांची हालचाल तुटक होते. शिवाय लेन्सवरचं कोटिंग काढून टाकलं आणि रंग उतरवले, जुन्या न्यूजरीलसारखे. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये हे करून बघता येतं, 24 फ्रेम ठेव, शटर 1/50 वरून 1/200 वर ने आणि तलावपाळीला कोणालातरी पळायला सांगून दोन्ही क्लिप शेजारी लाव, फरक लगेच दिसेल. फक्त भर उन्हातच, कारण शटर जलद केलं की उजेड कमी पडतो.

आता तुमची फिल्म. कारगिलच्या लढाईतलं तोलोलिंग शिखर घ्या. ते जून 1999 मध्ये परत मिळालं, पण शत्रू वर बसलेला आणि चढणारे खाली उघड्या कड्यावर, दिवसा हललं की दिसणार म्हणून चढाई रात्रीची, हवा विरळ, पाठीवर ओझं. हे सगळं नकाशावर सांगू नका. काळोखी फ्रेम, फक्त धाप. मग एक बूट, वरच्या माणसाचा, त्याच्याखालून एक खडा सुटतो आणि गडगडत येऊन खालच्याच्या हेल्मेटवर टक्क वाजतो. सगळे थिजतात. वर कोणी ऐकलं का? दहा सेकंद काहीही दाखवू नका. मोबाईल खिशात राहील याची मला खात्री आहे.

कारगिलला जायची पण गरज नाही, त्या सिनेमातला किनारा नॉर्मंडीचा नाहीच, आयर्लंडमधल्या करॅक्लोचा आहे. येऊरला जाऊ नका, तिथे झाडी फार आणि ते नॅशनल पार्कचं जंगल, वन खात्याच्या परवानगीशिवाय शूटिंग नाही. पारसिकच्या बाजूला जुन्या खाणींचे उघडे कातळ आहेत, तशी एखादी जागा बघा, मालकाची परवानगी घ्या, आणि खोट्या बंदुका घेऊन फिरणार असाल तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. हे खरंच करा.

एक राहिलं, आणि ज्यांनी सिनेमा पाहिला नाहीये त्यांनी एवढा परिच्छेद सोडा. तो म्हातारा म्हणजे कॅप्टनच असं आपण धरून चालतो, डोळ्यांवरून कट केलाय म्हणून. शेवटी कळतं की तो कॅप्टन नाही, तो रायन, आणि रायन त्या किनाऱ्यावर नव्हताच, तो पॅराशूटवाला. पहिल्या काही मिनिटांत आपल्या मनात एक चुकीची समजूत घालून अडीच तास तिच्यावर सिनेमा उभा केलाय. आणि किनाऱ्याचा शेवटचा शॉट आठवतो का? पाण्याच्या कडेला मेलेल्यांची रांग, त्यातल्या एकाच्या पाठीवरच्या पिशवीवर रायन हे आडनाव. गोष्ट तिथे सुरू होते, इतक्या वेळाने, आणि तेव्हा आपण ती ऐकायला तयार असतो.

प्रश्न : हल्ली प्रत्येक युद्धपट आधीच्यापेक्षा मोठ्या धमाक्याने सुरू होतो. दुसरा काही मार्गच नाही का? (वाचक, वाशी)

उत्तर : आहे की. 2022 चा, पहिल्या महायुद्धावरचा जर्मन 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' बघा. लढाई आहे सुरुवातीला, एक कोवळा पोरगा खंदकातून वर चढून धावतो, पण तो मेला तरी गोष्ट त्याच्या मागे थांबत नाही, ती त्याच्या कपड्यांच्या मागे जाते. मेलेल्यांचे युनिफॉर्म उतरवतात, गाठोडी बांधतात, धुतात, पाणी लाल होतं, मग एका मोठ्या हॉलमध्ये ओळीने शिलाई मशीन आणि बायका गोळ्यांची भोकं शिवताहेत. मग तो युनिफॉर्म एका नव्या, खुशीत असलेल्या पोराच्या हातात येतो, पाउल त्याचं नाव. तो म्हणतो, यावर दुसऱ्याच कोणाचं नाव आहे. अधिकारी कॉलरमधली ती नावाची चिठ्ठी टर्रकन काढतो, त्याला लहान झाला असेल म्हणतो आणि चिठ्ठी जमिनीवर टाकतो. पाउल हसत निघून जातो. आपल्याला माहिती आहे, त्याला नाही, आणि पुढे अख्खा सिनेमा आपण त्या कॉलरकडे बघत राहतो. आधी लिहिलं त्याच्या बरोबर उलट हे, तिथे आपल्याला काही सांगत नाहीत आणि इथे आपल्यालाच सांगतात, पण दोन्हीकडे माणूस सुटत नाही.

याच्या संगीतात जे तीन सूर सारखे येतात ते संगीतकार फोल्कर बेर्टेलमान यांनी त्यांच्या पणजीच्या जुन्या हार्मोनियमवर वाजवलेत. आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीच्याच घराण्यातलं वाद्य. आणि ते ऐकताना तोफ वाजल्यासारखं पोटात हलतं. त्या संगीताला ऑस्कर मिळालं.

प्रश्न : माझे सासरे 1971 च्या लढाईत होते. मुलं त्यांना मोठ्या टीव्हीवर युद्धपट दाखवायचा हट्ट करतात, ते पहिल्या पाच मिनिटांत उठून गॅलरीत जातात. समजवावं का? (वाचक, ऐरोली)

उत्तर : नको. 1998 ला 'रायन' लागला तेव्हा अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी खात्याने खास टेलिफोन लाइन चालू केली होती, सिनेमा बघून जुनं सगळं वर आलं तर बोलायला कोणी असावं म्हणून. आपल्याला जो आवाज थिएटरमध्ये पहिल्यांदा भेटतो तो त्यांच्या कानात आधीपासून आहे, आणि वर मी ज्या कामाचं एवढं कौतुक केलं ते काम जितकं चांगलं तितका त्यांना त्रास जास्त. मुलांना हे तुम्ही आधी सांगा, सासऱ्यांना समजवण्यापेक्षा ते सोपं जाईल. कधी ते आपणहून म्हणाले की बघू या, तर दिवसा लावा, दिवे चालू ठेवा, आवाज कमी, आणि दाराजवळची खुर्ची त्यांना द्या. मधेच उठले तर मागोमाग काय झालं विचारायला जाऊ नका, सिनेमा बंद करा आणि चहा टाका, बोलायचं असेल तर ते चहावर बोलतील.