रोजच्या वापरातली गाडी ड्रॅग स्ट्रिपवर न्यायची असेल, तर वेगळं लायसन्स आणि रोल केज लागतं का?

प्रश्न असा होता: "न्यू जर्सीत राहतो. 2019 ची मस्टँग जीटी आहे, ऑटोमॅटिक, शोरूममधून आली तशीच. ऑफिसातले मित्र शुक्रवारी रात्री ड्रॅग स्ट्रिपवर चल म्हणतात. रेसिंगचं लायसन्स, रोल केज, फायरसूट हे सगळं लागतं का? पुढेमागे सुपरचार्जर बसवायचा विचार आहे."

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे सरळ रेषेत शर्यत लावायची धावपट्टी, तिथे जरूर जा. आज तुमच्या गाडीला रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पोलादी पिंजरा) लागत नाही, फायरसूट लागत नाही आणि वेगळं लायसन्सही लागत नाही. नेहमीचं ड्रायव्हिंग लायसन्स, स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेलं हेल्मेट, बाह्यांचा शर्ट, फुल पँट, मोजे आणि बंद बूट एवढ्यावर तुम्हाला आत घेतील. सुपरचार्जरचं (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या पंपाचं) मात्र सविस्तर सांगतो, कारण माणसं अडकतात ती तिथे.

मी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात असतो आणि गेली अकरा वर्षं एप्रिल ते ऑक्टोबर जमेल तेव्हा स्ट्रिपवर जातो. आपल्या भागातल्या बहुतेक स्ट्रिप एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेचं नियमपुस्तक पाळतात. ही संस्था वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये उभी केली. पोरं रस्त्यावर आणि जुन्या धावपट्ट्यांवर गाड्या पळवून मरत होती, त्यांना सुरक्षित जागा आणि नियम मिळावेत हाच तेव्हाचा हेतू होता. पुस्तक जाडजूड आहे, पण त्यातली बहुतेक कलमं एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: तुमची गाडी पाव मैल, म्हणजे 402 मीटर, किती सेकंदांत कापते? या आकड्याला तिथे ईटी म्हणतात. गाडी कुठली, मालक कोण, तुम्ही किती वर्षं चालवताय हे नंतरचं. ईटी जसजसा खाली येतो तसतशी सामानाची यादी वाढत जाते.

पहिली पायरी 13.99 सेकंदांची. त्याच्या आत आलात की हेल्मेट सक्तीचं. तुमची जीटी बाराच्या आसपास धावेल, तेव्हा हेल्मेट पहिल्याच रात्री लागणार. मोटरसायकलचं हेल्मेट चालतं, पण मागे फक्त डीओटीचा (अमेरिकी वाहतूक खात्याचा) स्टिकर असलेलं नाही. आत अस्तराखाली स्नेलचं लेबल असतं, त्यावर एम किंवा एसए आणि वर्ष छापलेलं असतं. तपासनीस अस्तर बाजूला करून तेच वाचतो. एम हे मोटरसायकलसाठी. एसए हे बंद गाडीतल्या रेसिंगसाठी असतं, त्याचं अस्तर आग न पकडणारं असतं आणि रोल बारवर (सीटमागच्या पोलादी कमानीवर) डोकं आपटण्याची वेगळी चाचणी त्यावर झालेली असते. पुढे जायचा विचार आहेच, तर आत्ताच एसए घ्या. साधारण दहा वर्षांत जुन्या वर्षाचं लेबल बाद होतं, म्हणून कुणी स्वस्तात वापरलेलं दिलं तर आधी वर्ष बघा.

आता टेक, म्हणजे गाडीची तपासणी. फाटकातून आत गेलात की गाडी तपासणीच्या रांगेत लावायची. बॉनेट उघडायचं. एक माणूस येतो, बहुतेक वेळा साठीच्या पुढचा, हातावर ग्रीसच्या जुन्या खुणा. तो बॅटरीला हात घालून ती जोरात हलवतो. रेडिएटरच्या ओव्हरफ्लोची बाटली बघतो, कमीत कमी अर्ध्या लिटरच्या आसपास मावायला हवं. थ्रॉटल मोकळा परत येतो का, चाकाचे सगळे नट जागेवर आहेत का, टायरच्या आतून तारा दिसतात का, खाली कुठे तेल-पाणी ठिबकतंय का. मग डिकी. माझ्या पहिल्या रात्री त्यानं डिकीतून किराणाच्या दुकानातलं पाच किलोचं कणकेचं पोतं, छत्री आणि मुलाची स्केटबोर्ड बाहेर काढायला लावली, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं सुटं मॅटही. म्हणाला, एखादी पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर तू काय करशील? मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून घरून निघतानाच मी गाडी रिकामी करतो, तुम्हीही करा.

एसी रांगेतच बंद करा. त्याचं पाणी ट्रॅकवर ठिबकलं तर मागच्या माणसाचं चाक सुटतं. सुरुवातीला बर्नआउटसाठी (चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्यासाठी) पाणी ओतलेली जागा असते, तिला वळसा घालून जा. साध्या रस्त्याच्या टायरच्या खाचांत ते पाणी भरतं आणि तुम्ही ते थेट स्टार्ट लाइनवर नेऊन सांडता. काचा वर, बेल्ट लावलेला. धावताना गाडी बिघडली, खालून काही गळतंय असं वाटलं, तर लेनमधून ओढत शेवटापर्यंत नेऊ नका. भिंतीच्या बाजूला घेऊन थांबा, माणसं येतात.

आता सुपरचार्जर. जुन्या गाड्यांसाठीची पायरी आधी सांगतो, म्हणजे नव्या गाडीला काय सवलत मिळते ते कळेल.

माझ्या एका मित्राकडे 1993 ची मस्टँग होती. दोन हिवाळे गॅरेजमध्ये घालवून त्यानं इंजिन नवं बांधलं. पहिल्याच फेरीत 11.38. आम्ही उड्या मारत होतो, तेवढ्यात वेळेची स्लिप देणाऱ्या खिडकीतल्या बाईंनी त्याला थांबवलं. स्लिपवर लाल पेननं गोल केला होता. 11.49 च्या आत आलं की रोल बार, चांगल्या प्रतीचा पाच पट्ट्यांचा बेल्ट, आगरोधक जॅकेट आणि ड्राइव्हशाफ्ट लूप लागतो, आणि त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्या रात्री त्याला दुसरी फेरी मिळाली नाही. तो चिडला, मीही चिडलो होतो. पण घरी येताना त्यानंच मला लूपचं कारण सांगितलं, आणि ते ऐकल्यावर माझा राग गेला. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या शाफ्टचा पुढचा सांधा तुटला, तर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडतं आणि डांबरात रुततं. गाडी ताशी 190 किलोमीटरनं पुढे जात असते. बांबूउडीतल्या बांबूसारखी ती गाडी त्या शाफ्टवर उचलली जाते. दोन इंच रुंद, पाव इंच जाड पोलादी कडं पुढच्या सांध्यापासून सहा इंचांच्या आत बसवलं की शाफ्ट त्यात अडकून राहतो. एवढासा तुकडा आहे, पण त्यानं माणसं वाचतात.

मॅन्युअल गाडीला त्याच पायरीवर क्लचभोवती मजबूत पोलादी कवच लागतं. फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे फ्लोअर फाडून थेट पायांवर येतात. डॉन गार्लिट्स या महान ड्रॅग रेसरचा 1970 साली कॅलिफोर्नियातल्या लायन्स स्ट्रिपवर ट्रान्समिशन फुटून उजव्या पावलाचा भाग गेला. बरा होताना त्यानं इंजिन ड्रायव्हरच्या मागे ठेवलेली गाडी आखली, 1971 मध्ये ती जिंकू लागली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनीच तो आराखडा उचलला. या खेळातल्या नियमांमागे अशी खरी माणसं आहेत, म्हणून ते मला जाचक वाटत नाहीत.

यापुढे 10.99 च्या आत रोल केजची पायरी येते. फ्लोअर आणि फायरवॉल (इंजिन आणि आतल्या जागेमधला पत्रा) मूळचं असेल तर दहा सेकंदांपर्यंत रोल बारवर भागतं. 9.99 च्या आत, किंवा वेग ताशी 135 मैलांच्या वर गेला, की सगळंच बदलतं: चॅसिसला प्रमाणपत्र, जाड फायरसूट आणि तुमचं ते लायसन्स. 150 मैलांच्या वर गेलात तर पॅराशूटही.

तुमची गाडी 2019 ची असल्यानं तुम्हाला सवलत आहे. नव्या गाड्यांचा सांगाडा, एअरबॅग आणि एबीएस चांगले असतात म्हणून एनएचआरएनं आधी 2008 नंतरच्या मूळ गाड्यांना रोल बारशिवाय 10.00 सेकंद आणि 135 मैलांपर्यंत मुभा दिली. 2018 ची डॉज डीमन या मर्यादेच्या बाहेर होती: 9.65 सेकंद, 140 मैल. कंपनीनं एनएचआरएनं बंदी घातल्याचं जाहिरातीतच मिरवलं. नंतर 2014 आणि पुढच्या गाड्यांसाठी मर्यादा 9.00 सेकंद आणि 150 मैलांवर नेली. डीमन 170 आली ती 8.91 सेकंद आणि 151.17 मैल घेऊन, म्हणजे तीही बाहेरच.

तेव्हा सुपरचार्जर बसवून तुम्ही साडेदहापर्यंत आलात, तरी गाडीची मूळ सुरक्षा जशीच्या तशी असेल तर सवलत लागू होते. तशीच्या तशी म्हणजे खरंच तशी. वजन कमी करायला एअरबॅग काढली, रेसिंगचं स्टीअरिंग लावलं, एबीएसचा फ्यूज काढला, सांगाडा कापला की सवलत संपली आणि तुम्ही 1993 च्या मस्टँगच्या रांगेत येता. ट्यूनरच्या, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणाऱ्याच्या, दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. आणि नियमानं सूट दिली तरी साडेदहाच्या गाडीला लूप मी स्वतः लावीनच. बॅटरी डिकीत नेणार असाल, तर बाहेरून मागच्या बाजूनं बंद करता येणारा कटऑफ स्विच लागतो, हेही आत्ताच हिशोबात धरा. नियम दर वर्षी थोडे बदलतात आणि शेवटचा शब्द त्या स्ट्रिपच्या टेक अधिकाऱ्याचा असतो, म्हणून सामान विकत घ्यायच्या आधी त्याला फोन करा.

लायसन्सची वेळ आलीच, तर ते घाबरण्यासारखं नाही. डॉक्टरकडून तपासणीचा फॉर्म भरून घ्यायचा. मग डोळ्यांवर पट्टी बांधून, बेल्टमध्ये जखडलेलं असताना, सांगितलेला प्रत्येक स्विच हातानं चाचपून दाखवायचा, कारण आग लागली तर धुरात काही दिसत नाही. त्यानंतर छोट्या पल्ल्यापासून पूर्ण पल्ल्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं फेऱ्या, आणि त्या बघणाऱ्या दोन लायसन्सधारी ड्रायव्हरांच्या सह्या.

तुमच्या विमा पॉलिसीतलं रेसिंगचं कलम मात्र आज रात्रीच वाचा. बऱ्याच पॉलिसी स्ट्रिपवरचं नुकसान भरत नाहीत.

सुट्टीत पुण्याला गेल्यावर हायवेवर हौस भागवायचा मोह होईल, म्हणून तेही सांगतो. भारतात रस्त्यावरची शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथे अधिकृत स्पर्धा एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेनं होतात आणि उतरायला त्यांचं लायसन्स काढावं लागतं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा ड्रॅग स्पर्धा झालेल्या आहेत.

शुक्रवारी पहिल्या फेरीत जिंकायचा विचार करू नका. दिव्यांच्या खांबावर वरचे दोन छोटे दिवे लागले की तुम्ही बरोबर उभे आहात. मग तीन पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदानं खाली येतात, त्यानंतर हिरवा. उशिरा निघालात तरी ईटी बिघडत नाही, घड्याळ तुमचं चाक हलल्यावरच सुरू होतं. शेवटच्या रेषेनंतर लगेच ब्रेक दाबून धरू नका, पुढे भरपूर जागा असते. दोन गाड्यांत जो वळणाच्या बाजूला असेल तो आधी वळतो, दुसरा थांबतो. परतीच्या रस्त्यावर खिडकीतून स्लिप घ्या आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये जपून ठेवा. ट्यूनरकडे जाल तेव्हा तीच समोर ठेवून बोला.