स्केच झालं की आधी ढोबळ हिशोब

भिंतीवरच्या दिव्याची तुझी स्केचेस बघितली. त्यातलं भन्नाट वाटणारं एकही खोडू नकोस. सुरुवातीला कॅल्क्युलेटर हातात घेऊच नये, या मताचा मी आहे. पण कॅड (संगणकावर डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी पाच मिनिटं आकडेमोड करच.

दिवा धरणारी तुझीच दांडी घे: एबीएसची (एक टणक प्लास्टिक), 200 मिमी लांब, 20 रुंद, 6 जाड, टोकाला साधारण 1 किलो. कॅन्टिलिव्हरच्या (एक टोक भिंतीत पक्कं, दुसरं मोकळं अशा दांडीच्या) सूत्रात घातलं तर टोक जवळजवळ 37 मिमी खाली येतं. दांडीतला ताण (दर चौरस मिमीवरचा जोर) 17 मेगापास्कलच्या आसपास, एबीएस सोसतं त्यापेक्षा कमी, म्हणजे लगेच मोडणार नाही. पण असा लोंबणारा दिवा कोण घेईल? आता तीच पट्टी उभी कर, 20 मिमीची बाजू वर-खाली. प्लास्टिक तेवढंच आणि झुकणं 3 मिमीच्या आसपास! हा आकार हिशोबानेच सुचवला. (बाजूने ती आता लवचीक होईल, तिथे एखादी रिब, म्हणजे मजबुतीची पातळ कड, दे.)

अंदाज थोडा चुकला तरी चालतं, या टप्प्यावर फक्त कुठली कल्पना पुढे न्यायची एवढंच ठरवायचं असतं. मात्र कायमच्या वजनाखाली एबीएस हळूहळू आणखी वाकतं. म्हणून निवडलेल्या नमुन्याला वजन टांगून आठवडाभर तसंच ठेव, रोज माप घे.